अवयव पाडताना गाडी अडते कुठे?

प्रश्न: ताई, मुलगा आठवीत आहे. कंसांचा गुणाकार दिला की फटाफट करतो पण 'अवयव पाडा' म्हटलं की पेन्सिल चावत बसतो. क्ष² + ७क्ष + १२ दिलं तर आधी २ आणि ६ घेतो, खोडतो, मग १ आणि १२, मग चिडतो. म्हणतो सगळं अंदाजानेच करायचं तर हे गणित कसलं? मलाही आता नीट आठवत नाही, कसं समजावू? – एक आई

उत्तर: मुलाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये हो, थोडा अंदाज लागतोच. गुणाकारात नुसतं पुढे पुढे जायचं असतं, इथे उत्तर हातात आहे आणि ते कशाला कशाने गुणून आलं ते हुडकायचंय. फक्त अंदाज आंधळा नको. त्याला आधी (क्ष + ३)(क्ष + ४) हा गुणाकार करायला लावा, पण मधली पदं एकत्र करू देऊ नका: क्ष² + ४क्ष + ३क्ष + १२. इथेच थांबवा आणि विचारा, ७ कुठून येणार आणि १२ कुठून आले? बेरीज मधे गेली आणि गुणाकार शेवटी गेला हे त्याच्याच तोंडून येऊ दे, तुम्ही सांगून टाकू नका. बरीच मुलं ही पायरी मनातल्या मनात उरकून थेट ७क्ष लिहितात, मग उलटं येताना त्या ७ ची फोड कशाला करायची हे त्यांना कळणार तरी कसं?

शोधायला सुरुवात १२ पासून करायची, ७ पासून नाही. बेरीज ७ येणाऱ्या जोड्या ऋण संख्या धरल्या तर संपतच नाहीत, पण गुणाकार १२ येणाऱ्या धन जोड्या तीनच: १-१२, २-६, ३-४. बेरजा १३, ८, ७. झालं काम. चिन्हांचं एवढंच की शेवटचं पद धन असेल तर दोन्ही संख्यांचं चिन्ह एकच, ऋण असेल तर वेगवेगळं, आणि मग मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह द्यायचं. म्हणजे क्ष² − क्ष − १२ ला −४ आणि ३.

आणि पडताळा! क्ष च्या जागी १० ठेवायला सांगा. १०० + ७० + १२ म्हणजे १८२, आणि १३ × १४ पण १८२. (क्ष + २)(क्ष + ६) लिहिलं असतं तर १२ × १६ = १९२, चोरी तिथल्या तिथे पकडली. ० ठेवून उपयोग नाही, दोन्हीकडे १२ च येतात.

पुढे २क्ष² + ७क्ष + ३ सारखी गणितं आली की पहिला सहगुणक (क्ष² ला गुणणारी संख्या, इथे २) आणि शेवटचं पद गुणायचं, ६ आले, बेरीज ७ हवी म्हणून ६ आणि १. ७क्ष ची फोड केली की २क्ष² + ६क्ष + क्ष + ३, मग २क्ष(क्ष + ३) + १(क्ष + ३), म्हणजे (क्ष + ३)(२क्ष + १). तो १ लिहायला पोरं हमखास विसरतात, म्हणतात कंसाबाहेर काहीच नाहीये ना!

प्रश्न: मी ४क्ष² − ३६ चं उत्तर (२क्ष − ६)(२क्ष + ६) लिहिलं, गुणून बघितलं तर बरोबर येतंय, तरी मार्क कापले. असं का? – आठवीतली विद्यार्थिनी

उत्तर: गुणाकार बरोबर आहे गं, पण काम अर्धंच झालंय. दोन्ही कंसांत अजून २ सामाईक आहे, ते बाहेर काढले की ४(क्ष − ३)(क्ष + ३). आधी सामाईक अवयव बघायचा, अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) हे सूत्र नंतर. मार्क मीही कापले असते, पण का कापले ते बाजूला लिहिलं असतं.

प्रश्न: क्ष² − ९ चे अवयव पडतात मग क्ष² + ९ चे का नाही? मित्र म्हणतो (क्ष + ३)² लिही. – नववीतला विद्यार्थी

उत्तर: मित्राला १० ठेवायला सांग, १३ चा वर्ग १६९ आणि तुझे आले १०९. बरं, दोन संख्या शोधायच्यात ज्यांचा गुणाकार ९ आणि बेरीज ०. गुणाकार धन म्हणजे चिन्हं सारखी, आणि सारख्या चिन्हांच्या संख्यांची बेरीज ० होणारच नाही, त्यामुळे तुला आत्ता माहीत असलेल्या संख्यांत तरी हे जमत नाही. पण अधिक चिन्ह दिसलं की हात टेकायचे असंही नाही हं. क्ष⁴ + ४ घे, त्यात ४क्ष² मिळव आणि लगेच वजा कर, (क्ष² + २)² − (२क्ष)² तयार होतं. पुढचं तू कर, आणि १० ठेवून १०००४ चे ८२ × १२२ होतायत का ते बघ.