दर्शनी भिंतीला पत्र्याची फ्रेम? आधी वरची फट बघ

भावा, राजारामपुरीतल्या तुझ्या साईटचे फोटो बघितले. लाईट गेज स्टीलची, म्हणजे पातळ पत्रा वाकवून केलेल्या फ्रेमची निवड चांगलीच आहे, विटेपेक्षा वजन कितीतरी कमी. पण स्टड (फ्रेमचे उभे दांडे) वरच्या ट्रॅकला, म्हणजे स्लॅबखालच्या आडव्या पन्हाळीला, स्क्रूने घट्ट आवळलेत, ते आधी सोड. स्लॅब भाराने थोडा खाली वाकतोच. तो भार तुझ्या दर्शनी भिंतीनं घ्यायचा नाही, तिनं फक्त वारा आणि स्वतःचं वजन पेलायचं. म्हणून वर उभ्या खाचांचा ट्रॅक घे, स्टडच्या डोक्यावर फट ठेव आणि स्क्रू खाचेच्या मधोमध मार. फट किती, ते इंजिनिअरला विचार. माझ्या पहिल्या कामात मी फट ठेवलीच नव्हती. वर्षभरात सिमेंट बोर्डाच्या सांध्यांना तडे गेले आणि पदरचे पैसे घालून दुरुस्ती केली.

वाऱ्याचा हिशेब आयएस ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे करून घे. इमारतीच्या कोपऱ्यांवर वाऱ्याची ओढ जास्त असते, तिथं स्टड कमी अंतरावर लावावे लागतात.

पत्रा झिंक २७५ चाच माग, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. फ्रेम जोडायला गोकुळ शिरगावहून वेल्डर बोलवायचं डोक्यातून काढ. वेल्डिंगनं जस्त जळतं, मग आपल्या पावसात गंज ठरलेला. बोर्डामागं पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पडदा लाव, आणि तळाला पाणी निघायला वाट ठेव. पाणी अडवायला नुसत्या सांध्यातल्या सिलिकॉनवर भिस्त ठेवणारे लई बघितलेत.