शेजाऱ्यांसाठी नुसती प्रार्थना करणं ही 'सेवा' कशी?

बायबलच्या दृष्टीने ती सेवाच आहे, पण तुमच्या प्रश्नातला 'नुसती' हा शब्द मात्र खटकण्यासारखाच आहे.

यिर्मया २९:७ बघा. यरुशलेमातून बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना संदेष्टा पत्रात लिहितो, की ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी घरदार उद्ध्वस्त केलं, त्यांच्याच शहरासाठी! त्यामानाने पार्किंगवरून भांडणारा शेजारी फारच सोपा. १ तीमथ्य २:१ मध्येही 'सर्व माणसांसाठी' विनंत्या करायला सांगितलंय, फक्त आपल्या मंडळीसाठी नव्हे. कॅथलिक मिस्सातही (चर्चमधल्या मुख्य सामूहिक उपासनेत) प्रवचनानंतर चर्चसाठी तसंच राज्यकर्ते, गरजू आणि स्थानिक लोक यांच्यासाठी विनंत्या असतात. मधल्या काळात ही पद्धत जवळजवळ लोपली होती, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये ती परत आणायला सांगितली.

आता 'नुसती'बद्दल. याकोब २:१५-१६ मध्ये उपाशी भावाला 'सुखाने जा' म्हणून वाटेला लावणाऱ्याला चांगलंच सुनावलंय. शेजारच्या आजी आजारी आहेत म्हणून रोज प्रार्थना करता? छान. मग कधीतरी डबाही द्या, औषधं आणून द्या. माझा अनुभव असा, की रोज नाव घेतलं की त्या माणसाकडे दुर्लक्ष करणं जडच जातं.

एक सांभाळा: प्रार्थनासभेत शेजाऱ्याच्या घरातल्या भानगडी 'विनंती' म्हणून मांडू नका. ती चहाडीच. आणि शेजारी दुसऱ्या धर्माचे असतील, तर त्यांच्या घरी मोठ्याने प्रार्थना करण्याआधी विचारा. नको म्हणाले तर आपल्या घरी करा.