51 टक्के मालकी आहे, पण निर्णय कोणाचा?

सैन्यसेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या छोट्या कंपन्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची कामं राखीव कोट्यातून मिळू शकतात. त्यासाठी एसबीए या सरकारी लघुउद्योग संस्थेकडे अर्ज करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : व्हीएने (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने) माझं अपंगत्व मान्य केलं, पण रेटिंग 0 टक्के दिलं. अर्ज करण्यात अर्थ आहे का?

आहे. अपंगत्व सेवेमुळे आलं हे मान्य झालं की पुरे. भत्ता सुरू नसला तरी चालतं, आणि 70 टक्केवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त हक्क मिळतो असंही नाही. मात्र कागद व्हीएचा किंवा संरक्षण खात्याचा हवा. खाजगी डॉक्टरचा दाखला इथे उपयोगाचा नाही.

प्रश्न : एलएलसीत (मर्यादित दायित्वाच्या कंपनीत) माझे 51 टक्के, मेव्हण्याचे 49. भांडवल बरंचसं त्याचं आहे. एसबीए आमच्या अर्जावर शंका काढतेय. 51 टक्के म्हणजे नियम पाळला ना?

अर्धाच पाळला. माजी सैनिकाची किमान 51 टक्के मालकी हवीच, पण मालकीइतकाच नियंत्रणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि बरेच अर्ज तिथेच अडकतात. तुमच्या कंपनीच्या कारभाराचा करार, म्हणजे ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट काढा आणि ‘सर्व सदस्यांच्या संमतीने’ किंवा ‘75 टक्के मतांनी’ अशी वाक्यं शोधा. तयार नमुन्यावरून केलेल्या करारांत ती हमखास सापडतात. बँकेचं खातं उघडणं, माणूस नेमणं, टेंडरवर सही करणं यांना मेव्हण्याची संमती लागत असेल, तर कागदावर त्याच्याकडे नकाराधिकार आहे. त्याने तो कधी वापरला नसेल, तरी त्याने फरक पडत नाही. नवा भागीदार घेणं, कंपनी विकणं, विलीन करणं, बंद करणं, दिवाळखोरी जाहीर करणं अशा मोजक्या मोठ्या गोष्टींत त्याचं मत ठेवायला हरकत नाही. रोजचे आणि लांब पल्ल्याचे निर्णय मात्र एकट्या तुमचे हवेत, आणि सर्वोच्च पदही तुमचंच.

शंका येण्याच्या आणखी काही जागा आहेत. तुम्ही दिवसा दुसरीकडे नोकरी करता का? तुम्ही एका राज्यात आणि ऑफिस दुसऱ्या राज्यात, असं आहे का? मेव्हण्याचा पगार तुमच्यापेक्षा जास्त आहे का? यातलं काही असलं म्हणून अर्ज लगेच बाद होत नाही, पण कारण पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. भांडवल कर्जाऊ असेल तर व्याज आणि हप्ते लिहून साधा कर्जाचा करार करा. ‘पैसे फिटेपर्यंत त्याला विचारून’ असं एक वाक्य त्यात शिरलं तर सगळंच पाण्यात. आधी करार दुरुस्त करून सह्या करा, मग अर्ज भरा. अर्ज आणि दुरुस्ती एकदम चालवली की कागदांत विसंगती राहते.

प्रश्न : सॅममध्ये (सरकारी कंत्राटदारांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर) नोंदणी करताच एका एजन्सीचा फोन आला. ‘नोंदणी रखडली आहे, 600 डॉलर भरा’ म्हणाले. भरायचे का?

एक सेंटही नको. सॅमची नोंदणी फुकट आहे, माजी सैनिकांच्या कंपन्यांसाठीचं एसबीएचं व्हेटसर्ट प्रमाणपत्रही फुकट आहे. सॅममधली माहिती बरीचशी जाहीर असते, त्यामुळे असे फोन येतातच. नोंदणी खरंच अडली असेल तर बहुधा नावामुळे. आयआरएसने (केंद्रीय कर खात्याने) करदाता क्रमांक देताना पाठवलेल्या पत्रावरचं कंपनीचं नाव आणि तुम्ही भरलेलं नाव अक्षरशः ताडून पाहा. सॅममधून कंपनीची ओळख म्हणून अक्षरं-अंकांचा 12 स्थानी यूईआय क्रमांक मिळतो. नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. ‘आम्ही पात्र आहोत’ असं स्वतःच लिहून देण्याची जुनी सोय संपली आहे. 2023 पासून प्रमाणपत्र देण्याचं काम व्हीएकडून एसबीएकडे आलं, आणि आता राखीव कामासाठी तेच लागतं.

प्रश्न : प्रमाणपत्र हातात येऊन बरेच महिने झाले. एकही काम नाही. कोट्याचा उपयोग काय?

केंद्र सरकारच्या कंत्राटांच्या रकमेपैकी 5 टक्के तुमच्या गटाला देण्याचं उद्दिष्ट आहे. आधी ते 3 टक्के होतं. पण उद्दिष्ट म्हणजे हक्क नव्हे, कोणी आपणहून फोन करत नाही. काम राखीव ठेवायचं की नाही हे खरेदी अधिकारी टेंडर निघण्याआधी ठरवतो. योग्य दरात काम करू शकणाऱ्या तुमच्यासारख्या किमान दोन कंपन्या बोली लावतील अशी त्याला खात्री हवी असते. ती मिळवण्यासाठी सॅमवर ‘सोर्सेस सॉट’ नावाच्या नोटिसा निघतात. टेंडर नाही म्हणून लोक त्या सोडून देतात, आणि मग काम खुल्या स्पर्धेत जातं. आमच्या मते प्रमाणपत्राचा सगळ्यात मोठा फायदा याच टप्प्यावर आहे. दोन-तीन पानांचं उत्तर पुरतं : केलेली अशीच कामं, त्यांची रक्कम, माणसं, यूईआय, प्रमाणपत्र.

सुरुवात व्हीएपासून करा. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये किंग्डमवेअर खटल्यात एकमताने सांगितलं की अशा दोन कंपन्यांची खात्री असेल तर काम राखीव ठेवायचं, हा ‘दोघांचा नियम’ व्हीएला टाळता येत नाही. इतर खात्यांत अधिकाऱ्याला जास्त मोकळीक असते. उत्तराचा मसुदा सरकारी कंत्राटांसाठी मार्गदर्शन करणाऱ्या अपेक्स अ‍ॅक्सिलरेटर केंद्रात दाखवून घ्या, तेही फुकट आहे.

प्रश्न : साफसफाईचं काम सर्वात कमी दरात घेतलं, आणि दर महिन्याला तोटा होतोय. कुठे चुकलं?

टेंडरला जोडलेलं वेतन-निर्धारणाचं पत्रक बहुधा नीट वाचलं गेलं नाही. त्यात त्या भागातल्या प्रत्येक कामाचा किमान तासदर असतो, आणि खाली बारीक अक्षरात आरोग्य-कल्याणाची ताशी रक्कम वेगळी. समजा दर 17 डॉलर आणि ती रक्कम 5 डॉलर, तर तासाला 22 झाले. ती 5 डॉलरची रक्कम विमा वगैरेऐवजी रोख दिली तर मालकाच्या वाट्याचा 7.65 टक्के पगार-कर पूर्ण 22 वर बसतो, म्हणजे आणखी 1.68. त्यापुढे भरपगारी सुट्ट्या, कामगार विमा, साबण-फिनेल, देखरेख. 17 धरून बोली लावली असेल तर कंत्राट पहिल्या दिवसापासून तोट्यातच.

पुढच्या वर्षी दर वाढेल, या आशेवर बसू नका. नवं पत्रक आलं की फक्त वेतनातली आणि भत्त्यातली वाढ, आणि तिच्यावरचा कर व विमा, एवढंच मिळतं. मूळ बोलीतला खड्डा भरून निघत नाही. ती वाढ मिळवायलाही नवं पत्रक हाती आल्यापासून 30 दिवसांत अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. आणि काम दुसऱ्या कंपनीवर ढकलून सुटायचा विचार असेल तर मर्यादा लक्षात घ्या : सेवेच्या राखीव कामात सरकारकडून मिळालेल्या पैशांपैकी 50 टक्क्यांहून जास्त रक्कम तुमच्यासारखं प्रमाणपत्र नसलेल्या उपकंत्राटदारांना देता येत नाही.