चालू वृद्धसेवा केंद्रात डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांची कायमची सोय करायची असेल तर आधी काय बदलावं?

तुम्ही दिलेलं चित्र असं: दुमजली इमारत, २४ खाटा, मधून लांब कॉरिडॉर, दोन्ही अंगांना खोल्या. आजवर आजारपणानंतर थोडे दिवस राहणारे वृद्ध यायचे, आता डिमेन्शिया असलेले लोक कायमचे राहायला येणार. समितीचा पहिला प्रस्ताव कॅमेरे आणि कुलपांचा आहे.

तो प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवा. पहिला पैसा संडास आणि फरशीवर घाला. डिमेन्शिया झालेला माणूस आठवणीच्या भरवशावर चालू शकत नाही, समोर जे दिसतं त्यावर चालतो. संडास दिसला नाही तर त्याच्यापुरता तो नसतोच. मग येरझाऱ्या सुरू होतात, कोपऱ्यात लघवी होते आणि नोंदवहीत शेरा पडतो, 'त्रास देतात'.

प्रत्येक खाटेवर स्वतः आडवे व्हा, उशीवर डोकं टेका आणि बघा: कमोड दिसतो का? नसेल दिसत तर खाट फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर दार असं बसवा की वापर नसताना ते उघडंच राहील. सगळ्या संडासांच्या दारांना एकच रंग द्या, आणि तो रंग इमारतीत दुसऱ्या कुठल्याही दाराला नको. पाटीवर चित्र आणि शब्द दोन्ही हवेत. पाटी दारावरच लावा, शेजारच्या भिंतीवर नको, आणि उंची सुमारे १.२ मीटर ठेवा, कारण वय झालेला माणूस खाली बघत चालतो. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं; आत उघडणारं असेल तर आत पडलेल्या माणसाच्या अंगालाच अडतं. पांढऱ्या टाइल, पांढरा कमोड आणि पांढरी सीट हा सगळ्यात वाईट मेळ. सीट आणि आधाराचे दांडे गडद घ्या. चकचकीत स्टीलचा दांडा पांढऱ्या टाइलवर दिसतच नाही.

रंग निवडताना शेडकार्डावर एलआरव्ही हा आकडा बघा, म्हणजे तो रंग किती प्रकाश परत फेकतो ते. काळ्याचा शून्याजवळ, पांढऱ्याचा १००च्या जवळ. जे दिसायला हवं (सीट, दांडा, स्विच, संडासाचं दार) त्याचा आकडा मागच्या पृष्ठभागापेक्षा किमान ३०ने वेगळा असावा. लाल-हिरव्यासारखी जोडी आपल्याला ठसठशीत वाटते, पण दोघांचा आकडा सारखा असू शकतो. फोनवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात जे भिंतीत मिसळून गेलं ते रुग्णांनाही दिसणार नाही.

फरशीला नेमका उलटा नियम. तिथे फरक नकोच. दोन खोल्यांच्या जमिनींमध्ये १०च्या आत फरक ठेवा आणि दारातली जोडपट्टी जमिनीच्याच रंगाची घ्या, नाहीतर ती पायरी वाटते आणि माणूस पाय उंच टाकून तोल घालवतो. काळं पायपुसणं खड्डा वाटतं, चकाकती फरशी ओली वाटते, ठिपक्यांची नक्षी दिसली की लोक काहीतरी सांडलंय म्हणून उचलायला वाकतात. मॅट, एकरंगी, न घसरणारं व्हिनाइल सगळ्यात सोयीचं. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, मात्र जमिनीच्या रंगाचं नको. जमीन कुठे संपते ते कळायला हवं.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणून दिवे वाढवा, पण उघडे बल्ब नकोत. कॉरिडॉरमध्ये एक दिवा, मग काळोख, मग दिवा असं झालं की मधली सावली ओलांडायला लोक थबकतात. रात्री खाटेपासून संडासापर्यंत खालच्या बाजूला मंद दिवे ठेवा आणि संडासातला दिवा चालूच राहू द्या. तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते, तेव्हा बाहेर अंधारण्याआधी आतला उजेड वाढवा आणि पडदे ओढा. काळ्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब परका माणूस वाटतो. आरशांवरही झाकणी हवी, ज्याला लागेल त्याच्यासाठी.

आता रचना. २४ जणांचा एकच वॉर्ड चालवू नका. ८ ते १२ जणांचे दोन गट करा. दर गटाला स्वतःची बैठक, जेवणाची जागा आणि शक्यतो तेच ते कर्मचारी. कॉरिडॉरच्या टोकाला बंद दार असलं की माणूस तिथे अडकून ते हलवत राहतो. तिथे खुर्ची आणि खिडकी द्या, म्हणजे चालण्याला पोचायचं ठिकाण मिळतं. जिना असलेल्या मजल्यापेक्षा अंगणाला लागून असलेला तळमजला आधी भरा. अंगणातली वाट फिरून पुन्हा त्याच दाराशी यावी. कण्हेर आणि धोतरा आधी काढून टाका.

इथे कुलपं येतात. बाहेरच्या दाराला चुंबकी कुलूप लावा, पण फायर अलार्म वाजताच आणि वीज जाताच ते आपोआप सुटलं पाहिजे. भांडारखोली, औषधं आणि वीजफलक यांची दारं भिंतीच्याच रंगात रंगवा. आपत्कालीन दारावर मात्र ही युक्ती अग्निशमन अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय करू नका. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू नयेत असे अटकाव बसवा. वापर बदलतोय, तेव्हा परवान्याचं आणि अग्निसुरक्षेच्या मंजुरीचं काम रंगारी बोलावण्याआधी उरका. भिंत पाडायची झाली तर ते तिथेच कळेल.

पाण्याबाबत गफलत हमखास होते. भाजू नये म्हणून कुणीतरी गिझरच कमी तापमानावर ठेवतं आणि कोमट टाकीत न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. टाकीत ६० अंश सेल्सिअस ठेवा आणि नळाजवळ गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून बेसिन व शॉवरला ४१ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. व्हॉल्व्ह बिघडतात, म्हणून तापमापीने ठराविक दिवशी मोजून तारखेसह लिहा.

सध्या राहणारे लोक असतील तर काम चालू असताना त्यांना एका खोलीतून दुसरीत हलवत राहू नका. एकदाच, थेट कायमच्या खोलीत न्या. नव्या खोलीत त्यांचीच खुर्ची, पांघरूण आणि फोटो आधी लावून ठेवा, खाटेची बाजू जुन्या खोलीसारखीच ठेवा, आणि हलवायचं ते सकाळी. नवे लोकही आठवड्याला एक-दोनच घ्या. पहिल्या रात्री संडासाची वाट कुणाला सापडली नाही ते रात्रपाळीला लिहायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीतली खाट, दिवा किंवा पाटी लगेच बदला.