मूत्राशयाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं, मग ते सगळ्यांना का मिळत नाही?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. कॅन्सरमुळे तुमच्या काकांचं मूत्राशय काढलंय, लघवीसाठी पोटावर पिशवी लावावी लागते, तर त्यांना हे नवं प्रत्यारोपण मिळेल का, हा पहिला. आणि एकाच माणसावर केलेल्या ऑपरेशनला संशोधन कसं म्हणायचं, हा दुसरा.

मी डॉक्टर नाही. युरोलॉजी (मूत्रमार्गाचे आजार) आणि किडनी ट्रान्सप्लांटच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये (रुग्णांवर उपचार तपासून बघणाऱ्या चाचण्यांमध्ये) कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय. म्हणजे संमतीपत्रं, फॉर्म, तारखा आणि फोन. त्यामुळे काकांच्या तब्येतीबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचाच.

पहिल्याचं उत्तर: सध्या बहुधा नाही. ४ मे २०२५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डॉ. इंदरबीर गिल आणि डॉ. निमा नसिरी यांनी माणसातलं पहिलं मूत्राशय प्रत्यारोपण केलं. पण रुग्ण कोण होता ते बघा. एका दुर्मिळ कॅन्सरमुळे त्याचं बहुतेक मूत्राशय गेलेलं, पुढे दोन्ही किडन्याही काढलेल्या, आणि सात वर्षं डायलिसिस. किडनी तर त्याला हवीच होती. एकदा दुसऱ्याची किडनी घेतली की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर आलीच. ती घ्यायचीच आहेत, तर त्याच औषधांत मूत्राशयही सांभाळता येईल का, एवढाच तो प्रश्न होता. काकांच्या किडन्या चालू असतील तर निव्वळ मूत्राशयासाठी ही औषधं सुरू करावी लागतील. त्यांनी जंतुसंसर्ग वाढतात, आणि ज्याला एकदा कॅन्सर होऊन गेलाय त्याची प्रतिकारशक्ती दाबायला डॉक्टर सहजी तयार होत नाहीत. शिवाय रक्तवाहिन्या जोडता येतात, नसा तशा जोडता येत नाहीत. भरल्याची जाणीव होणं आणि आपणहून आकुंचन पावणं, हे नव्या मूत्राशयाला कितपत जमेल, हे तर ट्रायलमध्येच बघायचं आहे.

आता दुसरा प्रश्न. एका रुग्णावरून ‘हे करता येतं’ एवढंच कळतं. ‘करावं का’ हे कळत नाही. या दोन्हींतलं अंतर किती मोठं असतं त्याचा याच अवयवाचा दाखला आहे. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँथनी अटाला या संशोधकाच्या गटाचा लेख आला. सात मुलामुलींच्या स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यातून मूत्राशयाची भिंत तयार केली होती. अवयव आता कारखान्यात बनणार, असा गाजावाजा झाला. पुढे तशाच पद्धतीची दहा मुलांवरची ट्रायल झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. मूत्राशयाची क्षमता वाढली नाही, ताण घेण्याची लवचीकताही नाही, वर गंभीर गुंतागुंती झाल्या. ही बातमी मात्र कुणी पहिल्या पानावर छापली नाही.

गोळीची ट्रायल सोपी असते. तशीच दिसणारी खोटी गोळी देता येते, कुणाला काय मिळालं ते कुणालाच कळत नाही. ऑपरेशनचं तसं नाही. मूत्रमार्ग अरुंद झालेल्या पुरुषाला विचारा, दुर्बिणीतून अर्ध्या तासात कापून मोकळा करू, की गालाच्या आतली त्वचा लावून मोठं ऑपरेशन करू? त्याचं मत आधीच ठरलेलं असतं. चिठ्ठी टाकून ठरवू म्हटलं की तो उठून जातो. मी असे कितीतरी जण जाताना पाहिलेत, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. तरी ब्रिटनमध्ये ‘ओपन’ नावाच्या ट्रायलने २२२ पुरुष अशा चिठ्ठीला तयार केले. सगळ्यांना हा त्रास आधीच्या उपचारानंतर उलटून आलेला होता. निकाल २०२० मध्ये आला. दोन वर्षांत दोन्ही गटांचा त्रास जवळपास सारखाच कमी झाला होता, पण पुन्हा काहीतरी करावं लागलेले मोठ्या ऑपरेशनच्या गटात १५ आणि दुर्बिणीच्या गटात २९. मोठं ऑपरेशन सरसकट चांगलं, असं यातून निघत नाही. एकदा सोसायचं की परत परत यायचं, ही निवड आता रुग्णाला आकडे समोर ठेवून करता येते.

हे आकडे कसे येतात तेही सांगतो. पडद्यामागे एक नरसाळं असतं, खाली वजन मोजणारं यंत्र. माणसाने त्यात लघवी करायची, कागदावर धार उमटते. निरोगी धारेची रेघ टेकडीसारखी चढते-उतरते. मार्ग अरुंद असेल तर ती थोडी वर जाऊन सपाट, लांबच लांब चालत राहते. बाहेर आम्ही उभे आणि आत बिचाऱ्याला काही केल्या होत नाही. मग कुणीतरी बेसिनचा नळ सोडून ठेवतं. अर्धं संशोधन त्या नळावर चालतं, असं आम्ही गमतीने म्हणायचो.

उरलेलं अर्धं फोनवर. ज्याला बरं वाटतं तो तपासणीला येत नाही. ज्याला फारच त्रास होतो तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो. दोघंही आमच्या कागदावर ‘संपर्क नाही’ म्हणूनच दिसतात. म्हणून एखाद्या ऑपरेशनचं ‘९५ टक्के यश’ वाचलं की मी आधी बघतो, किती वर्षांनी मोजलंय आणि किती जण हरवलेत.

दुर्मिळ गाठींचं दुखणं वेगळं, तिथे रुग्णच नसतात. शिश्नाच्या कॅन्सरची ‘इनपॅक्ट’ ही ट्रायल २०१७ मध्ये सुरू झाली. पुरेसे रुग्ण मिळवायला अनेक देशांना हातमिळवणी करावी लागली.

प्रत्यारोपणात मात्र कधीकधी निसर्गच मदत करतो. मला सगळ्यांत आवडलेली ट्रायल २००९ ची आहे. मृत दात्याच्या दोन किडन्या असतात. एक नुसती बर्फात ठेवायची, दुसरी थंड द्रव फिरवणाऱ्या यंत्रावर. कोणती कुठे, ते चिठ्ठीने. दाता तोच, वय तेच, आजार तेच, फरक फक्त पेटीचा. ३३६ दात्यांच्या किडन्यांवर हे झालं. वर्षाने यंत्रावरच्या ९४ टक्के किडन्या टिकलेल्या, बर्फातल्या ९० टक्के. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण डायलिसिसवर परत न गेलेली ती माणसं आहेत.

काकांपुरतं बोलायचं तर त्यांची लघवी आतड्याच्या तुकड्यातून बाहेर येत असणार. आतड्याचं काम शोषून घेण्याचं, ते लघवीतलंही काहीबाही शोषतं. त्याने रक्तात आम्ल वाढू शकतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग वापरला असेल तर काही वर्षांनी बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. पुढच्या खेपेला सर्जनना या दोन तपासण्यांचं आणि किडनीच्या सोनोग्राफीचं विचारा, आणि आतड्याचा कोणता भाग वापरलाय ते डिस्चार्ज कार्डावर बघून जा.