दोन वर्षांचं ग्रीन कार्ड संपतंय, पुढे काय करायचं?

तुमचा प्रश्न असा: नवरा अमेरिकन नागरिक, लग्नावर मिळालेलं तुमचं कार्ड १५ ऑक्टोबर २०२६ ला संपतंय, तर आय-७५१ (कार्डावरची अट काढून ते कायम करण्याचा अर्ज) कधी भरायचा आणि सोबत काय लावायचं?

आधी तारीख. दोघांनी मिळून भरायचा अर्ज कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांतच पोचला पाहिजे. तुमच्या बाबतीत १७ जुलै ते १५ ऑक्टोबर. आधी पोचला तर पाकीट परत येतं. उशीर झाला तर ग्रीन कार्डधारक म्हणून असलेला दर्जाच संपतो आणि मग उशिराचं सबळ कारण लेखी द्यावं लागतं. ऑगस्टचा पहिला आठवडा मला सोयीचा वाटतो. काही चुकून परत आलं तरी हातात वेळ उरतो. परत येण्याचं नेहमीचं कारण क्षुल्लक असतं: नवऱ्याची सही राहिलेली असते. फी ७५० डॉलर. कागदी चेक आता घेत नाहीत, क्रेडिट कार्डाने फी भरायची तर जी-१४५० हा फॉर्म जोडा. ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रतही लावा.

आता पुरावे, आणि इथेच आपली मंडळी गल्लत करतात. हळदीपासून सत्यनारायणापर्यंतचे दोनशे फोटो पाठवतात. लग्न झालं हे इमिग्रेशन खात्याला (यूएससीआयएस) आधीच मान्य आहे. नंतरची दोन वर्षं संसार एकत्र चालला का, हे बघायचं असतं. म्हणून दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्रित टॅक्स रिटर्नची ट्रान्स्क्रिप्ट (म्हणजे भरलेल्या रिटर्नचा अधिकृत उतारा; आयआरएस या अमेरिकी कर खात्याकडून फुकट मिळतो), गाडीचा आणि आरोग्याचा विमा, जॉइंट खात्याची स्टेटमेंट्स. खातं नुसतं उघडून ठेवलेलं नको. पगार जमा होतोय, त्यातून भाडं, वीजबिल, किराणा जातोय, असं दिसायला हवं. लग्नानंतर नवऱ्याने रिटर्न ‘सिंगल’ म्हणून भरलं असेल तर अर्जाआधी ते दुरुस्त करून घ्या. भारतातल्या एलआयसी पॉलिसीवर एकमेकांचं नॉमिनेशन असेल तर तेही चालतं. कागद मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र हवं. फोटो दहा-बारा पुरे, मागे तारीख आणि ठिकाण लिहून.

अर्ज पोचल्यावर येणारी आय-७९७ पावती जपून ठेवा. कार्डाची मुदत तिच्यामुळे ४८ महिने वाढते. मुंबईहून परतताना विमान कंपनीच्या काउंटरवर जुनं कार्ड आणि हे मूळ पत्र दोन्ही दाखवायचं. घर बदललं तर १० दिवसांत पत्ता कळवा, नाहीतर बोटांच्या ठशांची नोटीस जुन्या दारात पडून राहते.

घटस्फोट झाला असेल किंवा घरात छळ होत असेल, तर नवऱ्याच्या सहीशिवाय, सवलत मागून एकटीने अर्ज करता येतो. त्याला ९० दिवसांची अट नाही. तिथे मात्र वकील कराच.

आय-७५१ अडकला तरी थांबू नका. नागरिक नवऱ्यासोबत राहत असाल, तर ग्रीन कार्डाला ३ वर्षं होण्याच्या ९० दिवस आधीपासून नागरिकत्वाचा एन-४०० भरता येतो. कधीकधी दोन्ही एकाच मुलाखतीत निकाली निघतात.