कोचितीच्या मातीमूर्ती शिकताना

अगं, पहिल्या मूर्तीसाठी माती मळण्याआधी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या कोचिती पुएब्लो या मूळ रहिवाशांच्या गावातल्या जुन्या मूर्ती डोळे भरून बघ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले कुंभार गावात येणाऱ्या परक्या लोकांच्या, सर्कसवाल्यांच्या उभ्या मूर्ती घडवत. या मूर्तींना मोनोस म्हणतात. पुढे ते काम मागे पडलं. १९६४ साली तिथल्याच कुंभार हेलन कॉर्डेरो यांनी गोष्टी सांगणारे आपले आजोबा मातीत बसवले, अंगाखांद्यावर पाच मुलं! तिथलेच कलाकार व्हर्जिल ऑर्टिझ तर आईच्या आणि आजीच्या हाताखालीच शिकले आणि मोनोसना त्यांनी पुन्हा उभं केलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता हाताचं काम. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचत जायचं. काळा रंग म्हणजे एका रानवनस्पतीचा पाला उकळून, आटवून केलेला दाट काढा; पांढऱ्या लेपावर तो लावतात. पोकळ अंग आतून पूर्ण वाळू दे. माझी पहिली मूर्ती घाईत भाजली आणि मानेपाशी फुटली.

आणि हो, कोचितीच्या मूर्तींची नक्कल विकू नकोस. तुझ्या घरात गोष्टी कोण सांगायचं? आजी? मग तिलाच घडव, पदरासकट.